उंबरठा आणि खिडकी

काही महिन्यांपूर्वी आमच्यापैकी सात-आठ जणांनी मिळून विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’चे अभिवाचन केले. रंगमंच नाही, वेशभूषा नाही. एकाच्या घरी बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, हातात संहिता घेतल्या आणि वाचले. माझ्या वाट्याला नाथ देवळालीकर आले होते. वाचन बरे झाले असावे, कारण संपल्यावर लगेच कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर चहाच्या वेळी कप विसळता विसळता एका बाईंनी मला विचारले, “अहो, त्या ज्योतीला कुणी वकील का नाही बघून दिला?”

मी थोड्या वरच्या पट्टीतच उत्तर दिले. म्हटले, “नाटकाचा तो विषयच नाही. तिचा प्रश्न कायद्याचा नाही, निष्ठेचा आहे.”

“असेल,” त्या म्हणाल्या. “पण तिला हवा असता, तर मिळाला असता का? आणि पैसे कुणी दिले असते?”

तेवढ्यात कोणीतरी साखर मागितली आणि बोलणे तिथेच राहिले. त्या स्वतःसाठी विचारत होत्या, बहिणीसाठी, की केवळ कुतूहलाने, हे मी विचारले नाही. मला मात्र घरी जाताना गाडीत जाणवले, की तेंडुलकरांबद्दल अर्धा तास बोलू शकणाऱ्या मला या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते. इंजिनिअरिंगमधल्या डॉक्टरेटने साहित्यसमीक्षेचा अधिकार मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण एखाद्या रचनेत कोणती पायरी गाळली आहे हे शोधण्याची सवय आमच्या धंद्यात लागते. त्या सवयीने मी ‘कन्यादान’ पुन्हा वाचले, आणि मग आपल्या इतर काही कलाकृतींकडेही त्याच नजरेने पाहिले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

‘कन्यादान’ १९८३ साली रंगभूमीवर आले. नाथ हे समाजवादी आमदार, पत्नी सेवा सामाजिक कार्यकर्ती, मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते आणि मार खाते. पुढे गरोदरपणीही खाते. या नाटकावर त्या काळी वादळ उठले ते मुख्यतः जातीच्या चित्रणावरून. मारहाण करणारा नवरा दलितच का दाखवला, हा आक्षेप गंभीर होता आणि आजही आहे. कारण बायकोला मारणे ही कुठल्या एका जातीची मिरास नाही, हे आपल्याला आपापल्या नातेवाइकांकडे पाहिले तरी कळते. पुढे याच नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मानही मिळाला. या वादात आणि गौरवात एक गोष्ट मात्र चर्चेबाहेर राहिली. या घराइतके कायद्याच्या जवळचे घर मराठी नाटकात शोधून सापडणार नाही. बाप कायदे करणाऱ्या सभागृहात बसतो. आई स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करते. आणि तरीही त्यांच्या मुलीसाठी वकिलाकडे जाणारी वाट नाटकात उघडत नाही. आईबाप तिच्याविषयी तळमळतात, भांडतात, तत्त्वांची उलटतपासणी घेतात. शेवटी ज्योती वडिलांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते आणि नवऱ्याकडे परत जाते. नाट्य म्हणून तो शेवट जबरदस्त आहे. पण त्या घरातल्या चौघांना मिळून दोनच पर्याय दिसतात: माहेरी राहायचे, की सासरी जायचे. तिसरे दार लेखकाने ठेवलेले नाही.

हे केवळ तेंडुलकरांपुरते असते तर लेखाचे कारण नव्हते. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला, आणि पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. स्मिता पाटीलने साकारलेली सुलभा महाजन घर सोडून एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. आश्रमात घरातून हाकललेल्या, मारलेल्या, फसवलेल्या बायका आहेत. सुलभाचा नवरा वकील आहे. आणि तरीही या दोन जगांची गाठ पडत नाही! जिथे वकिलाची सर्वांत जास्त गरज, ते आश्रमाचे आवार. आणि जिथे वकील राहतो, ते सुखवस्तू घर. या दोहोंमधले अंतर चित्रपट अचूक दाखवतो. पण ते ओलांडावे असे त्यातल्या कोणालाच सुचत नाही. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये, तेही १९८२ च्याच सुमाराचे, अंबिका न्यायालयापर्यंत जाते, निकाल विरुद्ध लागतो आणि ती स्वतःच्या हाताने सूड घेते. प्रेक्षागृह तिथे सुटकेचा निःश्वास टाकते. घरी जाऊन मात्र कोणाला तो मार्ग उपयोगाचा नसतो.

कोणी म्हणेल, मराठी रंगभूमीवर कोर्टाला काय तोटा? खरे आहे. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’पासून (१९६२) ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पर्यंत (१९६७) आपल्याला काळा डगला फार प्रिय. पण नीट पाहिले तर हे सारे कोर्ट फौजदारी वळणाचे आहे. लखोबा लोखंडेच्या खटल्यात फसलेल्या स्त्रिया साक्षीदार म्हणून येतात. ‘शांतता’मधल्या खेळातल्या कोर्टात बेणारे आरोपी होते. फौजदारी खटल्यात गुन्हेगाराविरुद्ध उभे राहण्याचे काम सरकारी वकील करतो. तिथे पीडित स्त्रीला स्वतःचा वकील शोधावा लागत नाही, म्हणून ‘तो आणला कुठून’ हा प्रश्न लेखकालाही पडत नाही. मार खाल्लेल्या बाईच्या गरजा मात्र बहुतेक दिवाणी स्वरूपाच्या असतात: राहायचे कुठे, पोटगीचे काय, मुले कोणाकडे, घटस्फोट मिळेल का, आणि परदेशात असल्यास इथे राहण्याची परवानगी टिकेल का. यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी अर्जदार तीच असते आणि फीही तिलाच द्यायची असते. आपल्या रंगभूमीने साक्षीदार बाई पाहिली, आरोपी बाई पाहिली. अर्जदार बाई फारशी पाहिली नाही. म्हणून घर सोडणाऱ्या स्त्रीचे आपल्या मनातले चित्र उंबरठ्यावर येऊन थांबते. उंबरठा ओलांडला की ती आपल्यासाठी धाडसी ठरते, पडदा पडतो. सकाळी तिने कुठल्या कचेरीत जायचे, हे कोणीच लिहिलेले नसते.

याला उत्तर म्हणून ‘तेव्हा तसे काही नव्हतेच’ असे म्हणता येईल का? अंशतः. महाराष्ट्रात ती दोन-तीन वर्षे मोठ्या उलथापालथीची होती. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून त्याची निर्दोष मुक्तता केली. त्या निकालात कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात तो भाग मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांविषयीचा आहे. मृत्यूनंतर ती पत्रे तीन न्यायालयांत ओळ न् ओळ वाचली गेली. त्यांतल्या शब्दांचा कीस काढला गेला. जिवंतपणी मात्र तिच्या मनातल्या दुःखाचा तो कागद कुठल्याही कचेरीत पोचणारा अर्ज नव्हता. तसा अर्ज घेणारी खिडकीच तेव्हा ठाऊक नव्हती. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात नारी समता मंचाचे काम उभे केले आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन फिरवले ते याच वेदनेतून. १९८३ च्या अखेरीस दंडसंहितेत विवाहित स्त्रीच्या छळाविषयीचे ४९८-अ कलम आले. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाणीच्या संसारातून बाहेर पडलेल्या फ्लेव्हिया अॅग्नेस यांनी त्याच दशकात आपली कहाणी लिहिली, पुढे त्या स्वतः वकील झाल्या आणि मुंबईत ‘मजलिस’ ही स्त्रियांना कायदेशीर मदत देणारी संस्था उभी राहिली. म्हणजे ज्योतीला १९८३ साली वाट नव्हती हे खरे. पण वाट पाडणारी माणसे त्याच काळात, त्याच शहरांत काम करत होती. आपल्या नाटकांनी उंबरठा अमर केला. या माणसांची टेबलखुर्ची मात्र नाट्यमय नसल्यामुळे रंगमंचावर आली नाही.

आणखी मागे गेले तर रखमाबाईंचा खटला आठवतो. बालपणी झालेला विवाह त्यांनी मानला नाही, आणि १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदायला येण्यास भाग पाडावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, असे त्यांनी सांगितले. हा मारहाणीचा खटला नव्हे. पण इच्छेविरुद्ध नांदायला लावण्याचा प्रश्न तोच. इथे मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी एक बचाव समिती निघाली आणि वर्गणी जमवली गेली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. रखमाबाई लिहू शकत होत्या. ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने टाइम्समध्ये छापलेल्या त्यांच्या पत्रांनी मुंबई हादरली होती. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन प्रतिष्ठित होते. ज्यांना ना लेखणी, ना ओळखी, त्यांच्यासाठी समिती निघत नाही. वर्गणीवर चालणारा न्याय प्रसिद्ध बाईलाच मिळतो. म्हणून मदत हक्क म्हणून मिळाली पाहिजे, उपकार म्हणून नव्हे.

हा विचार युरोपात ज्या प्रकरणाने पक्का केला, ते प्रकरणही एका मार खाल्लेल्या बायकोचेच आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहणाऱ्या जोहाना एरी यांच्या नवऱ्याला १९७२ मध्ये त्यांना मारहाण केल्याबद्दल दंड झाला होता. त्यांना न्यायालयाकडून कायदेशीर विभक्तता हवी होती. पण ती फक्त उच्च न्यायालयात मिळे, वकिलाचा खर्च काही शे पौंडांपासून हजाराच्या वर जाई, आणि सरकारी मदत अजिबात नव्हती. आयरिश सरकारचे म्हणणे असे, की न्यायालयाचे दार उघडे आहे, बाईंनी वकिलाशिवाय यावे! स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ९ ऑक्टोबर १९७९ रोजी ते फेटाळले. हक्क कागदावर असून भागत नाही, तो प्रत्यक्षात वापरता आला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. त्या निकालात एक आकडा आहे: १९७२ ते १९७८ या सात वर्षांत आयर्लंडमध्ये विभक्ततेचे २५५ दावे दाखल झाले, आणि त्यांतल्या प्रत्येक अर्जदाराला वकील होता. वकिलाशिवाय आलेला एकही नाही. दार उघडे आहे म्हणणाऱ्यांना याहून नेमके उत्तर काय हवे? एरीबाईंची बाजू मांडणाऱ्या वकील मेरी रॉबिन्सन पुढे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

भारतानेही कागद चांगला लिहिला आहे, हे अभिमानाने सांगावे लागेल. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ या अनुच्छेदात मोफत कायदेशीर साहाय्याचे तत्त्व आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ च्या नोव्हेंबरात लागू झाला, आणि त्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. लक्षाधीश घरातली बाई असली तरीही. कारण घरातला पैसा तिच्या हाती असतोच असे नाही, हे कायदा लिहिणाऱ्याला माहीत होते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला. त्याचे पाचवे कलम मला समीक्षक म्हणून विशेष आवडते. तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला तुला मोफत वकिलाचा हक्क आहे असे सांगणे हे त्या कलमाने पोलीस आणि संरक्षण अधिकारी यांचे कर्तव्य केले आहे. म्हणजे नुसता हक्क नव्हे, त्या हक्काची वार्ताही. एकोणिसाव्या कलमान्वये न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर जायला सांगू शकतात. ‘उंबरठा’ पाहिलेल्या पिढीने हे कलम दोनदा वाचावे. आपल्या साऱ्या कथांत घर सोडते ती बाई. इथे प्रथमच उंबरठा पुरुषाला ओलांडावा लागतो. अंमलबजावणीत त्रुटी आहेत, पण १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आज गावातल्या बहिणीला देता येतो. तो आपल्यापैकी किती जणांना पाठ आहे?

आता आपण जिथे राहतो त्या देशाकडे वळू. नेदरलँड्समध्ये गरिबाला वकील मिळत नाही, ही ओरड प्रथम केली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी. १९६९ मध्ये टिलबुर्गला पहिले ‘रेख्त्सविंकल’ म्हणजे कायद्याचे दुकान निघाले. विद्यार्थी तिथे फुकट सल्ला देत. १९७० मध्ये ‘आर्स एक्वी’ या कायद्याच्या नियतकालिकाने वकिलीतल्या या उणिवेवर एक खास अंक काढला. तो टीकेचा अंक गाजला आणि पुढच्या सुधारणांची सुरुवात तिथून धरली जाते. टीकेच्या लेखनाने काही घडते यावर विश्वास बसत नसेल, तर हे उदाहरण लक्षात ठेवावे. १९७४ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये काही बायकांनी एक रिकामे घर ताब्यात घेतले आणि मार खाल्लेल्या स्त्रियांसाठी आसरा सुरू केला. नाव ठेवले ‘ब्लैफ फान मैन लैफ’, म्हणजे ‘माझ्या अंगाला हात लावू नका’. आश्रमाला अबला, अनाथ अशी विशेषणे लावणाऱ्या आपल्या परंपरेपुढे हे नाव किती ताठ आहे पाहा.

आजची व्यवस्था अशी आहे. जीव धोक्यात असेल तर ११२. घरातल्या हिंसेसाठी ‘फेलिख थाऊस’ ही २०१५ पासूनची यंत्रणा, क्रमांक ०८००-२०००, फुकट आणि चोवीस तास. नाव न सांगताही सल्ला विचारता येतो. २००९ पासून महापौर हिंसा करणाऱ्या माणसाला दहा दिवस घराबाहेर काढू शकतात आणि ही मुदत चार आठवड्यांपर्यंत वाढवता येते. कायद्याच्या सल्ल्यासाठी ‘युरिडिश लोकेट’, क्रमांक ०८००-८०२०. ‘लोकेट’ म्हणजे खिडकी, तिकीट घेतो तशी. तिथे बसणारे कायदेतज्ज्ञ फी न घेता ऐकून घेतात, माहिती देतात आणि गरज असेल तर वकिलाकडे पाठवतात. घटस्फोटाचा अर्ज इथे वकिलाशिवाय करताच येत नाही, म्हणून ही खिडकी महत्त्वाची.

वकील मिळाल्यावर तो सरकारी मंडळाकडे ‘तूफूखिंग’साठी अर्ज करतो. शब्दाचा अर्थ ‘जोडणी’: सरकारने तुम्हाला वकील जोडून दिला. फीचा मोठा भाग सरकार देते, उरलेला ठरावीक हिस्सा अर्जदाराने उत्पन्नानुसार भरायचा. न्यायालयाचे शुल्कही कमी होते. उत्पन्न धरतात ते साधारणपणे दोन वर्षांपूर्वीचे. मधल्या काळात ते बरेच घटले असेल तर तसे कळवून फेरविचार मागता येतो. आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम पुढचा आहे. वाद नवऱ्याशीच असेल तर त्याचे उत्पन्न मोजत नाहीत, फक्त तिचे मोजतात. नवरा मोठ्या कंपनीत, दोन गाड्या, तेव्हा मला कोण फुकट वकील देणार, असे मानून गप्प बसलेली बाई चुकीच्या समजुतीपायी गप्प असते. आणि गंभीर हिंसेच्या गुन्ह्यात पीडित म्हणून वकील हवा असेल, तर हिंसक गुन्ह्यांच्या भरपाई निधीच्या निकषात बसणाऱ्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता, काहीही न भरता तो मिळतो.

आमच्या पिढीतल्या अनेकींचा खरा धसका वास्तव्याच्या परवान्याचा. माझी पत्नी इथे आली तेव्हा तिचा परवाना माझ्या नोकरीला बांधलेला होता. माझ्या एका सहीने ती आली होती, आणि माझ्या दुसऱ्या एका पत्राने ती जाऊ शकेल असे तिला वाटणे स्वाभाविक होते. मी तो कागद फाइलमध्ये लावला आणि विसरलो. ती विसरली नसणार. प्रत्यक्षात, घरगुती हिंसेमुळे नाते तुटले तर स्वतंत्र वास्तव्याची मागणी करण्याची तरतूद आहे. त्यासाठी पुरावा लागतो: पोलिसांकडचा कागद, आणि डॉक्टर, आश्रयगृह किंवा मदत संस्थेचे पत्र. म्हणून घरच्या डॉक्टरांना ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणे महागात पडते. आणखी दोन गोष्टी वकिलाला पहिल्या भेटीतच विचाराव्यात. एक, लग्न नाशिकला लागले असले तरी दोघे इथे राहत असतील तर घटस्फोट इथल्या न्यायालयात मागता येतो. पण तो भारतात मानला जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव प्रकरणात त्याच्या अटी घातल्या आहेत. दोन, मुलांना घेऊन दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय सरळ विमानात बसू नये. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि इथला कायदा अशा जाण्याकडे गुन्हा म्हणून पाहू शकतो. मार खाणारी आईच मग आरोपी होते. पुन्हा तेच आपले फौजदारी नाटक!

या व्यवस्थेवरही टीका केली पाहिजे. नाहीतर हा लेख माहितीपत्रक होईल. सरकारी दरात काम करणाऱ्या वकिलांना प्रकरणामागे ठरावीक मोबदला मिळतो, तास कितीही लागोत. तो अपुरा असल्याचे सरकारने नेमलेल्या फान डर मेर समितीने २०१७ मध्येच दाखवले. दर वाढले ते २०२२ मध्ये. मधल्या काळात अनेकांनी असे काम सोडले, तरुण त्यात यायला तयार नाहीत, आणि हक्क असूनही वकील शोधायला दहा फोन करावे लागतात. दुसरा अडसर भाषेचा. स्त्रियांवरील हिंसेविषयीचा इस्तंबूल करार या देशात मार्च २०१६ पासून लागू आहे. त्याचे एकोणिसावे कलम म्हणते की पीडितेला तिला समजेल अशा भाषेत माहिती मिळावी. मदतीची माहिती मात्र मुख्यतः डच वाचणाऱ्याला सापडते, आणि ज्या बाईला घराबाहेर पडू दिले नाही तिचेच डच कच्चे असते. सरकारी वकील मिळाल्यावर त्याच्याशी बोलताना दुभाष्याचा खर्च तिला करावा लागत नाही, हेही तिला कोणी सांगितलेले नसते. तिसरे, स्वतः बऱ्यापैकी कमावणारी स्त्री उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर जाते आणि तिला घटस्फोटाचा पूर्ण खर्च सोसावा लागतो. या एका बाबतीत आपला १९८७ चा कायदा डच कायद्यापेक्षा उदार आहे.

पण डच सरकारवर टीका करणे सोपे आहे. आपल्यात असे काही कळले तर आपण काय करतो? दोन जाणती माणसे त्यांच्या घरी जातात, चहा होतो, दोघांची समजूत घातली जाते, मुलांकडे बघा म्हणतात. हेतू वाईट नसतो. नाथ देवळालीकरांचाही नव्हता. त्यांना एक लग्न वाचवायचे होते, कारण त्या लग्नात त्यांचा स्वतःचा विश्वास गुंतला होता. आपलाही गुंतलेला असतो: आपण शिकलेले, आपल्यात असे होत नाही, या विश्वासात. तो जपण्यासाठी आपण मुलीला परत पाठवतो. ते वाचन करताना नाथांची वाक्ये माझ्या तोंडात इतकी सहज बसली, की सगळ्यांनी नंतर माझे कौतुक केले. आता त्याचा अर्थ थोडा वेगळा लागतो.

तेंडुलकरांनी ज्योतीला वकील द्यायला हवा होता असे मी म्हणत नाही. नाटकाने टेलिफोनची वही होऊ नये. त्यांनी बंद खोली दाखवली, आणि ती बंद आहे हे कळण्याइतकी स्पष्ट दाखवली. लेखकाचे काम तिथे पुरे होते. वाचकांचे मात्र होत नाही. चाळीस वर्षे आपण त्या खोलीच्या भिंतींवर चर्चा केली. त्या बाईंनी खिडकी कुठे आहे, एवढेच विचारले होते.

त्या परत भेटतील तेव्हा उत्तर देईनच. तोवर ज्यांच्या हाती ही पुरवणी पडेल त्यांनी वरचे क्रमांक, भारतातल्या बहिणीसाठी १५१०० सुद्धा, पुढच्या हळदीकुंकवात, भिशीत किंवा मुलांच्या मराठी शाळेच्या दारात, कोणाला उद्देशून नव्हे, सर्वांना सांगावेत. कोणासाठी विचारतेस, असे मात्र विचारू नये.